कासारणीची सही

मंडळी, एक सांगा — सरकारनं शाळा सुधारायचा चांगला हुकूम काढला, तर तो राबवायचा कुणी? गुरुजींनी? साहेबांनी? की तुम्ही-आम्ही? ऐका तर मग!

खडकवाडी नावाचं गाव. तिथं सुंद्राबाई कासार बांगड्या भरायची. शाळेच्या समितीवर पालक म्हणून तिचं नाव! म्हणजे काय — ढगे गुरुजी वही घेऊन दारात यायचे, बाई सही करायची. झाली बैठक! हसू नका हो, आपल्याकडं असलं काही नसतं!

एकदा नवा हुकूम आला — तिसरीच्या प्रत्येक लेकराला वाचता आलंच पाहिजे. गुरुजी वही घेऊन हजर.

"काय लिहिलंय हो?"

"सगळी मुलं वाचतात, असं."

तिची मैना तिसरीतच! बाईनं वही लेकीपुढं धरली. "वाच गं." पोरीनं पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं. बोट पुढं सरकेना! डोळे डबडबले.

सुंद्राबाईला मागच्या सगळ्या सह्या आठवल्या. पेन परत दिलं. "गुरुजी, ही सही नाही व्हायची."

गुरुजी चिडले? नाही! मटकन ओट्यावर बसले. "बाई, चार वर्ग, मी एकटा. कुणाकुणाला जवळ घेऊन वाचून घेऊ?"

खरंच होतं ना ते!

दुसऱ्या दिवसापासून, बांगड्या भरताना गावातल्या कुठल्याही सुनेचा हात हाती आला की बाई विचारायची, "किती शिकलीस?"

"दहावी."

"मग दुपारी तासभर शाळेत ये. चार लेकरांचं वाचन घे."

"सासरे नको म्हणतील—"

"हो म्हण, मगच हात सोडते!"

अहो, बांगडी अंगठ्याच्या हाडाशी अडकलेली — पळते कुठं!

एका घरचे तात्या गरजले, "सुना शाळेत, मग घरचं कुणी बघायचं?"

"तात्या, तुमचा नातूही तिसरीत. वाचतो का?"

आणि दुसऱ्या दिवशी? सुनेला शाळेच्या फाटकापर्यंत सोडायला स्वतः तात्या!

नऊ जणी झाल्या. संक्रांतीच्या सुमाराला बैठक भरली — शाळेत, खरीखुरी! मैना उभी राहिली. जोडाक्षरांना अडखळली, पण पानभर वाचलं! बाईला हसावं की रडावं कळेना. दोन लेकरं अजून मागं होती. गुरुजींनी वहीत तसंच लिहिलं — 'दोन बाकी'. तेव्हा कुठं बाईनं सही केली.

आता तुमच्याकडं वळतो! गावच्या शाळेत शेवटचं पाऊल कधी टाकलंत? आठवतंय? — मतदानाला! बोटाला शाई लावली अन् निघालात! उद्या दहाला घंटा होईल. एखादं लेकरू पुस्तक उघडून बसलं असेल, कुणीतरी ऐकायला येईल म्हणून. बोला मंडळी — कोण कोण जाणार?