तलावाच्या धक्क्यावर सापडलेल्या निळ्या गाडीबाबत

नाव : कार्लीन रुथ निएमी
वय : ५८ वर्षे
व्यवसाय : मुख्य स्वयंपाकीण, कॉपर फोर्क शाळा
राहणार : ११८, टॅमरॅक स्ट्रीट, कॉपर फोर्क, मिशिगन
जबाब सुरू : शुक्रवार, २१ नोव्हेंबर, सकाळी १०.१५
जबाब घेणार : अधिकारी डेल कांगस

मी वरील नावाची बाई आज पोलीस ठाण्यात आपण होऊन आले असून, विचारल्यावरून सांगते, की वरील पत्त्यावर मी एकटीच राहते. माझे पती रेनो निएमी चार वर्षांपूर्वी वारले. माझा जन्म याच गावचा. मी गावाबाहेर सलग तीन दिवस यापूर्वी कधी राहिले ते आठवत नाही. अधिकारी कांगस यांना मी ते पहिलीत असल्यापासून ओळखते. ते वाटाणे खात नसत. हे लिहिण्याची गरज नाही असे ते म्हणतात, पण ओळख कशी ते त्यांनीच विचारले होते.

सोमवार, १७ नोव्हेंबर रोजी पहाटे ५.५० वाजता मी माझी निळी गाडी घेऊन घरून निघाले. लाँग पाइन तलावाच्या धक्क्यावर, म्हणजे बोटी पाण्यात उतरवतात तिथे, ती उभी केली. गावापासून ते चौदा मैल आहे. किल्ली पुढच्या चाकावर ठेवली. तिथून अर्धा मैल चालत हमरस्त्याच्या फाट्यावर गेले व ६.५० ची ग्रीन बेला जाणारी बस पकडली.

बस गावातही थांबते, मग तिथे का बसला नाहीत, असे विचारल्यावरून सांगते, की गावातला थांबा बेव सारीच्या बेकरीसमोर आहे. बेव माझ्या वर्गात होती. सकाळी साडेसहाला बेकरीत निदान अकरा माणसे बसलेली असतात आणि सगळ्यांची तोंडे काचेकडे असतात. हातात पिशवी घेऊन मी तिथे उभी राहिले असते, तर बस यायच्या आत मी कुठे, कशाला आणि किती दिवस चालले, हे ठरून गेले असते.

या गावात माणूस गाडीवरून ओळखला जातो. माझी गाडी दवाखान्यासमोर दहा मिनिटे दिसली तर संध्याकाळपर्यंत तीन घरांतून सूप येते. दुसऱ्या दुकानातून अंडी घेतली तर पहिल्या दुकानाचा मालक चर्चमध्ये विचारतो, "आमचं काही चुकलं का?" शेजारी व्हर्न ट्रेंबाथ, वय ७६, माझ्या धुराड्याचा धूर बघून मी उठले की नाही ते ठरवतात. मी मोजे उन्हात वाळत घातले तर कुठल्या दोरीवर वाळत नाहीत ते सांगतात. रेनो वारले तेव्हा गावातून जेवणाची एकेचाळीस भांडी आली. प्रत्येकाच्या बुडाला नावाची चिकटपट्टी होती. ती घासून घरोघर परत करायला मला फेब्रुवारी उजाडला, आणि प्रत्येक दारात मान तिरकी करून "कशी आहेस?" असे विचारत. मला ते पुन्हा नको होते. म्हणून कोणाला सांगितले नाही.

ग्रीन बेला काय काम होते, या प्रश्नाचे उत्तर मी आधी "वैयक्तिक" असे दिले. अधिकारी कांगस म्हणाले, "मिसेस निएमी, अग्निशमनची बोट दोन दिवस पाण्यात होती. 'वैयक्तिक' लिहून चालणार नाही." म्हणून सांगते, की तेथील इस्पितळात मंगळवारी सकाळी माझ्या डाव्या बाजूच्या गाठीचा तुकडा काढून तपासायला घेतला. मला बुधवारी सकाळी इस्पितळातून सोडले. फोन मी सोमवारीच बंद केला होता, कारण बेव दिवसातून तीनदा फोन करते आणि माझ्या आवाजावरून तिला कळते.

शाळेत मी दाताचे कारण सांगून रजा घेतली होती. ही माझी चूक. गावात दाताचा डॉक्टर एकच असून तिथे कामाला बेवची सून आहे. सोमवारी दुपारी शाळेतल्या कोणीतरी बेकरीत माझ्या दाताची चौकशी केली. सून तेव्हा तिथेच होती, ती म्हणाली, "आमच्याकडे तर त्या आल्याच नाहीत." त्याच वेळी व्हर्न तिथे ब्रेड घ्यायला आले होते. ते म्हणाले, "धूर पण नाहीये." एवढ्यावर हे प्रकरण सुरू झाले, असे मला नंतर कळले.

मंगळवारी सकाळी हरणांच्या शिकारीला निघालेल्या दोघांना धक्क्यावर माझी गाडी दिसली. तलावाच्या काठाला दोन बोटे बर्फ धरला होता व धक्क्याजवळ तो फुटलेला होता. तो कशाने फुटला मला माहीत नाही. मी पाण्याजवळ गेले नव्हते.

व्हर्न यांनी माझ्या घराचे मागचे दार मंगळवारी सकाळी तोडले. त्यांच्याकडे माझ्या घराची किल्ली आहे. ती मी त्यांना सहा वर्षांपूर्वी दिली. ती का वापरली नाही, हे अधिकाऱ्यांनी त्यांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "सुचलं नाही." दाराबाबत माझी तक्रार नाही. बुधवारी मी परत येण्याआधीच त्यांनी नवे दार बसवलेले होते. ते उलट्या बाजूला उघडते व फ्रिजवर आपटते. हे मी त्यांना सांगितलेले नाही.

बुधवारी दुपारी २.१० वाजता मी फाट्यावर उतरले व चालत धक्क्याकडे गेले. रस्त्याच्या दोन्ही कडांना गाड्या लागलेल्या होत्या. काठावर नारिंगी जाकिटे घातलेली चाळीसेक माणसे रांगेत, हातभर अंतर ठेवून चालत होती. ऐन शिकारीच्या दिवसांत इतकी माणसे रानाऐवजी तलावावर मी कधी पाहिली नव्हती. मला वाटले, कोणाचे तरी पोर बुडाले. एक अनोळखी गृहस्थ दोरी गुंडाळत उभे होते. ते शेजारच्या गावच्या अग्निशमन पथकातले होते. मी त्यांना विचारले, "कोण बुडालं?"

ते दोरीवरून नजर न काढता म्हणाले, "कार्लीन निएमी म्हणून कोणी. शाळेत स्वयंपाक करायची. अर्ध्या गावाला तिने वाढलंय म्हणतात." मग म्हणाले, "तुम्ही ओळखत होतात का?"

मी हो म्हटले.

ते म्हणाले, "वाईट झालं."

त्यानंतर मी साधारण दोन मिनिटे तिथेच उभी होते. लगेच का सांगितले नाही, असे विचारल्यावरून सांगते, की मला सांगता आले नाही. समोर शाळेचे मुख्याध्यापक होते. अंड्यांच्या दुकानांचे दोन्ही मालक शेजारी शेजारी चालत होते. ते एकमेकांशी नऊ वर्षे बोलत नाहीत. व्हर्न मासेमारीची रबरी विजार घालून कमरेइतक्या पाण्यात काठीने तळ चाचपत होते. त्यांच्या छातीचे ऑपरेशन झालेले आहे. मला राग आला. हा शब्द तसाच लिहावा असे मी सांगितले आहे.

बेव गाडीच्या मागच्या फळीवर कॉफीचे पिंप घेऊन बसली होती. तिने मला पाहिले. हातातला पेला तिने खाली ठेवला, तो कलंडला, तरी ती बघतच राहिली. मग उठून सरळ माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "बये, मी तुझ्यासाठी पाण्याला शिव्या देत होते तीन दिवस."

मी म्हटले, "दोनच झाले. सोमवारी तर मी बसमध्ये होते."

ती म्हणाली, "सोमवारी तू फोन उचलला नाहीस, तेव्हापासून मोज."

तिने माझा हात धरला. तेव्हा मनगटावर इस्पितळाची कागदी पट्टी तशीच होती. काढायची राहिली होती. बेवने ती वाचली. मग माझ्या कोटाची बाही बोटांपर्यंत ओढली आणि वळून सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली, "सापडली. दाताचं होतं. ग्रीन बेला गेली होती दाताला."

तिथे बेवची सून हजर होती. दाताचा डॉक्टरही रांगेत होता. तो म्हणाला, "हो, कधी कधी ग्रीन बेलाच जावं लागतं." बाकी कोणी काही विचारले नाही. व्हर्न पाण्यातून बाहेर आले. त्यांचे ओठ निळे पडले होते. माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "गाडी अशी लावतात होय, पोरी? पाण्याकडे तोंड करून?" मग त्यांनी विजारीतले पाणी ओतले आणि बराच वेळ ओतत राहिले. विजारीत तेवढे पाणी नव्हते.

काल, गुरुवारी, दिवसभरात माझ्याकडे नऊ भांडी आली. सगळी पातळ : सूप, खिमट, दुधातली खीर. "चावायला नको म्हणून," असे प्रत्येकाने सांगितले. एकानेही मान तिरकी केली नाही. सरळ मानेने उभे राहायला त्यांना किती जड जात होते, ते मला दिसत होते.

माझा कोणावर संशय नाही, मला कोणी पळवून नेले नव्हते व जिवाचे बरेवाईट करण्याचा माझा विचार नव्हता. हा शेवटचा प्रश्न अधिकारी कांगस यांनी कागदाकडे बघून विचारला. मी त्यांना सांगितले, "डेल, मी रविवारीच सोमवारच्या जेवणाचे तीस किलो बटाटे सोलून पाण्यात घालून ठेवले होते. मरायचं असतं तर सोलले कोणी असते?" उत्तर नोंदवले आहे.

सकाळी ११.२० वाजता मला इस्पितळातून फोन आला, म्हणून जबाब थांबवण्यात आला. मी बाहेरच्या बाकावर बसून बोलले. ११.४५ वाजता जबाब पुन्हा सुरू केला. मधल्या वेळेत अधिकारी कांगस यांनी वायरलेसचा आवाज बंद ठेवला होता आणि त्यांचा स्वतःचा कोट बाकावर आणून ठेवला होता. मला थंडी वाजत नव्हती, तरी मी तो घातला.

फोनवर काय सांगितले, हे विचारण्याचा आपल्याला अधिकार नाही, असे ते म्हणाले. मी म्हटले, "लिही." गाठ वाईट निघाली आहे. लवकर सापडली आहे. ४ डिसेंबरपासून औषध सुरू होईल व ते पाच महिने चालेल. डॉक्टरांच्या आवाजात मला आशा वाटली. मी आवाजावरून ओळखते.

पुढे पुन्हा शोध घेण्याची वेळ येऊ नये, म्हणून मी आपण होऊन खालील माहिती देते. ४ डिसेंबरपासून दर दुसऱ्या गुरुवारी मी ग्रीन बेला असेन. सकाळी सहाला निघेन व संध्याकाळी सातपर्यंत परतेन. बेव सारीला गाडी चालवायला मी आज सांगणार आहे. ती वाटेत बोलते फार, आणि वळणावर वेग कमी करत नाही. त्या दिवशी धुराड्यातून धूर निघणार नाही, हे व्हर्न ट्रेंबाथ यांना मी स्वतः सांगेन. शाळेतल्या मुलांना कोणी काय सांगावे, ते मुख्याध्यापकांनी ठरवावे, फक्त दाताचे सांगू नये.

ही माहिती गोपनीय ठेवायची का, असे विचारण्यात आले. मी उत्तर दिले, की बाहेरच्या टेबलावरच्या बाईंनी आत्ताच दोनदा आत डोकावून पाहिले आहे व त्या बेवच्या चुलतबहीण आहेत. संध्याकाळपर्यंत गावाला कळेल. माझी हरकत नाही. भांड्यांना नावे लावून पाठवावीत.

हा जबाब अधिकारी कांगस यांनी मला मोठ्याने वाचून दाखवायला घेतला. फोनच्या जागी ते थांबले व त्यांना पुढे वाचता आले नाही, म्हणून उरलेला मी त्यांना वाचून दाखवला. तो मी सांगितल्याप्रमाणे आहे. त्यात बदल करायचा नाही.

सही : कार्लीन रुथ निएमी
दुपारी १२.३०