जावयाच्या गाडीचे टायर

जावयाला नाही म्हणायची हिंमत माझ्यात नाही, हे तुम्हाला माहीत आहे. पण परवा लातूरच्या टायरच्या दुकानात मी कमालच केली.

नांदेडहून जावई आले होते. दोन सीटची स्पोर्ट्स कार, टायर पार झिजलेले. नवे हवेत ते शर्यतीचे, जवळजवळ बिनखाचांचे. "पकड बघा, मामा! घेऊ ना?"

माझी मुलगी याच गाडीतून रोज मुदखेडला शाळेत शिकवायला जाते, आणि पावसाळा तोंडावर आलेला. मी भौतिकशास्त्रात पीएच.डी. केलेला माणूस. ओल्या रस्त्यावर हे घसरतील, एवढंच म्हणायचं होतं. म्हणालो काय? "तसा दोन्ही बाजूंनी विचार करता येईल."

दुकानदार सलीमभाई वैतागून जावयांना म्हणाले, "साहेब, शर्यत कुठं लावता?"

"शर्यत कसली? नांदेड ते मुदखेड."

"तिथं तर म्हशी आडव्या येतात. पावसात ब्रेक मारला की गाडी थेट म्हशीखाली. खोल खाचांचे घ्या."

"खाचांचे? असले तर काळीपिवळीला असतात!"

"हाव. म्हणून तर काळीपिवळी रोज घरी जाऊन राहिली."

जावयांनी तोंड वाकडं केलं, पण खाचांचेच टायर बसवले. ते गाडीकडे गेल्यावर मी सलीमभाईंना हळूच म्हणालो, "मलाही हेच म्हणायचं होतं हो. मुलगी रोज बसते त्या गाडीत. पण बोलणार कसं? जावई पडले ना!"

सलीमभाई म्हणाले, "अन् पोरगी कुणाची हाय, सर?"