हेमराज मिस्तरींनी गॅस सोडला

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊन उभा आहे. माणसाला जास्त जड काय जातं? जे येत नाही ते शिकणं, की जे हाताला बसलंय ते सोडणं? पुढच्या रांगेतले काका म्हणतात, शिकणं. काका, आधी तंबाखू सोडून दाखवा, मग बोलू!

ऐका. फैजपुरात एक मिस्तरी होते, हेमराज फेगडे. फ्रिज आणि एसीची कामं करायचे. कॉम्प्रेसरवर तळवा टेकला की आजार सांगणार, असा हात. आपल्या खानदेशातलं वैशाखाचं ऊन तुम्हाला काय सांगू! त्या दिवसांत कलेक्टरसाहेब भेटतील, पण हेमराज भेटायचे नाहीत.

पण गंमत बघा. बोलावणं दरवर्षी त्याच घरांतून! मशीन गार करत नाही म्हटलं की मिस्तरी जाणार, नळीत उरलेला गॅस फुस्सकन हवेत सोडणार, नवा भरणार, चहा पिणार, निघणार. पुढच्या उन्हाळ्यात तेच घर, तेच मशीन, तोच चहा! अहो, बंद नळीतला गॅस जातो कुठे? गळती असल्याशिवाय संपेल का तो? ती शोधायची सोडून हे आपले भरतायत! आणि वर सांगणार काय, तर लोकांचा विश्वास आहे म्हणून दरवर्षी बोलावतात. काय बोलायचं या माणसाला? सांगा ना!

आता त्यांचं दुखणं ऐका. मागच्या उन्हाळ्यात एका बिल्डिंगच्या छज्ज्यावरून पाय घसरला. जीव वाचला, गुडघा गेला. डॉक्टरांनी बजावलं, आता चढायचं नाही. पण एसीचा तो बाहेरचा डबा भिंतीलाच टांगलेला असतो, तो काय खाली उतरून मिस्तरींना भेटायला येणार? तेव्हा गुडघ्याला पट्टा बांधून चढणं चालूच. आणि घरी प्रमिलावहिनी, त्यांची बायको, ते परत येईपर्यंत घास घशाखाली उतरवायच्या नाहीत. या बाईला एकच हवं होतं. नवऱ्याचे पाय जमिनीवर हवे होते.

आणि देवानं ऐकलं! सावद्याच्या कमलताई राणे, त्यांचं केळीचं कोल्ड स्टोरेज. तिथं मशीन सांभाळायला माणूस हवा होता. मशीन जमिनीवर, सावलीत, पगार महिन्याचा. ताईंनी हेमराजनाच बोलावलं. अट एकच, हा गॅस हाताळायचं शिक्षण घेतल्याचं प्रमाणपत्र आणायचं. जळगावला वर्ग आहे, परीक्षा आहे.

मिस्तरी भडकले. इतकी वर्षं हात काळे केले, आता कागद दाखवू?

ताई शांतपणे म्हणाल्या, "हेमराजभाऊ, माझा तुमच्यावर विश्वास आहे. पण माझी केळी परदेशी जाते. तिकडून तपासायला येणारा माझा विश्वास बघत नाही."

यात चुकलं काय त्या बाईचं? अहो, त्या एका कागदावर कोल्ड स्टोरेजवाला दार उघडतो, कंपनी स्वतःहून काम देते, दवाखान्यातल्या लसींची थंड खोली तुमच्या हवाली होते, बाहेरदेशी जायचं तर तिथंही तोच कागद विचारतात. नव्या मशीनमधले काही गॅस तर पेट घेणारे! शिकलेल्याला माहीत असतं ठिणगी कुठं नको. न शिकलेल्याला कळतं, पण भुवया जळाल्यावर! हे सगळं हेमराजना ठाऊक होतं. मग अडलं कुठं? त्या वर्गात सुभान तडवी बसणार होता. सुभान म्हणजे त्यांचाच शागीर्द! ज्याला पाना धरायला शिकवला, त्याच्या मांडीला मांडी लावून बसायचं? अडलं होतं ते इथं, मंडळी. ज्ञानापाशी नाही, बाकापाशी!

प्रमिलावहिनींनी भांडण केलं नाही. गुडघ्याचा पट्टा धुऊन अंगणात वाळत घातला आणि जेवायला बोलावलं. दोरीवरच्या त्या पट्ट्याकडे बघत मिस्तरी जेवले, आणि दुसऱ्या दिवशी जळगावला गेले.

वर्गात काय कमी वाद घातले? मास्तरांनी फळ्यावर नळी काढली, तर हे म्हणाले, खरी नळी अशी नसते. सुभाननं शेजारची जागा धरून ठेवली, तर हे मागे जाऊन बसले. तरी डोकं तल्लख! लेखी परीक्षेत पास. मग आलं प्रात्यक्षिक. समोर जुना एसी. काम काय, तर आतला गॅस मशीननं ओढून सिलिंडरमध्ये भरायचा. थेंबभर हवेत जाता कामा नये. सगळे मिस्तरी वाकून बघतायत. हेमराज ऐटीत पुढं झाले, पाना उचलला — आणि फुस्स!

अहो, फुस्स! परीक्षकाच्या तोंडावर! हाताला काय माहीत परीक्षा आहे की पाटलांचा दिवाणखाना? त्यानं रोजचंच केलं. मास्तर म्हणाले, "फेगडे, नापास." हसलं कुणीच नाही, आणि तेच जास्त लागलं.

घरी आले, ओसरीवर बसले. वहिनींनी विचारल्यावर म्हणाले, आकाश काय लहान आहे का, एवढ्याशा गॅसनं त्याचं काय बिघडतं? मग आपोआप आवाज उतरला. मास्तरांनी शिकवलं होतं, हा गॅस वर जाऊन ऊन धरून ठेवतो, जमीन अजून तापवतो. ज्या उन्हापायी लोक आपल्याला बोलावतात, त्यात आपण भर घालत आलो. बायकोला हे सांगताना मिस्तरींचे डोळे भरले.

वहिनींनी विचारलं, "सोडलेला गॅस परत धरता येतो का?"

"नाही."

"मग पुढचा तरी धरा."

पुन्हा गेले. या वेळी सुभानच्या जागेवर नवखा पोरगा बसला होता, कारण सुभान पास होऊन केव्हाच गेला होता. हेमराज पुढच्या बाकावर बसले, वाद घातला नाही, पास झाले. प्रमाणपत्र घेऊन थेट सावदा. आणि तिथं काय? जागा भरलेली! केळीचा हंगाम मिस्तरींच्या फेरपरीक्षेसाठी थांबतो होय? ताई म्हणाल्या, अजून एक माणूस मला हवाच आहे. पण मशीनघराचा मुख्य आता सुभान. त्याच्या हाताखाली चालेल?

काय झालं असेल त्या माणसाच्या मनाचं! पहिल्याच खेपेला वाद सोडून मास्तरांचं ऐकलं असतं, तर ती खुर्ची त्यांची होती. आडमुठेपणानं घालवली हो, दुसऱ्या कुणी नाही! मशीनघरात सुभान उठून उभा राहिला. खुर्ची पुढं सरकवून म्हणाला, "उस्ताद, बसा."

हेमराज बसले नाहीत. बाह्या सारल्या आणि आपल्या शागीर्दाला विचारलं, "आधी काय करू, ते सांग."

मंडळी, शिक्का मारलेलं प्रमाणपत्र खिशात होतं. पण मिस्तरी पास झाले ते या क्षणी!

आता माझ्याकडे काय बघताय? या मंडपाबाहेर गार पाण्याचं मशीन ठेवलंय. त्यात दरसाल गॅस भरणारे इथंच खांबाला टेकून बसलेत, मघापासून हसतायत. तुम्हीच, हो! जळगाव काही लांब नाही. आणि बाकीच्यांनी सुटलो म्हणून मांडी सैल करू नका. कुणी सुनेपाशी अडलंय, कुणी धाकट्या भावापाशी. कोण शिकवतंय त्याचं तोंड बघून शिकणं नाकारलेले किती आहेत इथं? मला नका सांगू, त्या विठ्ठलाला सांगा. चला, जोडा हात. पण आधी मुठी सोडा. मुठी वळलेल्या हातांचा नमस्कार होत नाही!