नाल्यातल्या कचऱ्याचा रकाना

तुम्हाला वाटतं मी नगरपरिषदेत नुसती टाइप करते, म्हणून हे ऐकाच. गावातला कचरा कुठं जातो, ते संगणकात भरायचं होतं. त्यावरूनच नव्या घंटागाड्या मिळणार होत्या. आमचे स्वच्छता निरीक्षक, सगळ्यांचे काका, शेजारी बसून आकडे सांगत होते.

"उघड्यावर जाळलेला कचरा?"

"शून्य."

"नाल्यात गेलेला?"

"शून्य. सरकारला वाईट लिहायचं नसतं, पोरी."

"काका, खालचा नाला तुंबलाय. इथवर वास यायलाय."

"मग खिडकी लाव की!"

लावली. सगळं भरलं, तर पडद्यावर उत्तर आलं: सर्व कचरा उचलला जातो, नव्या गाड्यांची गरज नाही.

काका ताडकन उठले. "मशीन बिघडलं!"

"मशीन ठीक हाय. तुमची शून्यं खोटी हायत. खरं लिहू का?"

"खुळी का काय? वरचे विचारतील ना, इतकी वर्षं काय केलं! असं लिही, नाल्यातला कचरा वरच्या गावाहून वाहत येतो."

"त्याला रकाना न्हाई."

"मग पाडून घेऊ!"

नवा रकाना मागायला काका काल लातूरला मोठ्या साहेबांकडे गेले. निघताना मी घंटागाड्यांचं विचारलं, तर काका म्हणाले, "एका खेपेला एकच काम."