पुढच्याचा हात

नाही, उठू नका — आणि बोलायचा तर प्रयत्नही करू नका कप्तान, काकूंनी जाताना मला दहादा बजावलंय, जबडा तारांनी बांधलाय, ओठ हलवले तरी टाके ओढतात. त्या खाली औषधाच्या दुकानात गेल्यात, तिथे ही गर्दी, वीसेक मिनिटं तरी येत नाहीत. तोवर मी बसते. चालेल ना? मान हलवलीत तरी पुरे. हां. उजवा हात शाबूत आहे म्हणे, आणि उशाशी वही ठेवलीय — म्हणजे लिहून का होईना, ओरडायची सोय आहे. सहा आठवडे तुमचा आवाज बंद म्हटल्यावर क्लबात काय झालंय सांगू? काल पहाटे आम्ही सायकली काढल्या, तर पहिले चार किलोमीटर कुणाला काही सुचेचना. गुडघे आत घे म्हणायला कुणी नाही, खांदे पाड म्हणायला कुणी नाही. दातांची डॉक्टरीण म्हणाली, इतकी शांतता आहे की पहिल्यांदाच माझी चेन मला ऐकू येतेय, आणि काय घाण आवाज करतेय. — हसू नका, हसू नका, टाके.

बरं, मुद्द्याचं बोलते. हा कागद. रविवारच्या चौघांच्या शर्यतीचा. पाच वाजता नोंदणी बंद होते आणि आत्ता चारला दहा कमी आहेत, इथून तिथवर सायकलने पंधरा मिनिटं, उगाच घाई करतेय असं समजू नका. ही चार नावं — डॉक्टरीण, दोघे जुळे, आणि हे चौथं, इथे तुमचं होतं. ते खोडून माझं घातलंय. मी नाही खोडलं, त्या तिघांनी मिळून ठरवलं, अक्षर बघा ना, डॉक्टरांचं अक्षर लपतं का कुठे. फक्त कप्तानाची सही लागते. इथे. पेन आणलंय मी.

असं का बघताय? मला माहितीये तुम्ही काय म्हणाल, पुढच्या वर्षी बघू. तीन वर्षं मी पुढच्या वर्षीच बघतेय कप्तान. गेल्या वर्षी घाटाची चढण मी तुमच्यापेक्षा दीड मिनिट आधी चढले, घड्याळ तुमच्याच हातात होतं, आणि तुम्ही काय म्हणालात — पाय आहेत, डोकं यायचंय. बासष्टाव्या वर्षी माणसाने किती दिवस चौथ्या जागेवर बसून राहायचं, हे तुम्हाला कुणी विचारत नाही, कारण सगळ्यांना सायकल तुम्हीच शिकवलीय. मलाही तुम्हीच शिकवलीत, नाही म्हणत नाही. मी आपली प्रयोगशाळेत वेळेवर पोचायला म्हणून आईच्या जुन्या सायकलवरून अकरा किलोमीटर खडखडत जायचे, पुलावर तुम्ही बाजूने आलात आणि ना ओळख ना पाळख, म्हणालात, मुली, सीट चार बोटं वर घे, नाहीतर चाळिशीत गुडघे रडतील. मी म्हटलं, तुम्ही स्वतःचं बघा आजोबा. आठवतंय? आजोबा म्हटलेलं तुम्हाला जाम लागलं होतं. पण सीट मी त्याच संध्याकाळी वर घेतली. तर ते सगळं खरं. पण तीस वर्षं लिफ्ट तपासल्यात तुम्ही, लोकांना वर नेण्याची हमी दिलीत, आणि मला मात्र तळमजल्यावरच दाबून ठेवलंत — हे बोलायचंच होतं मला कधीतरी. तुम्ही मधे तोडायचात म्हणून राहून जायचं.

लिहा, लिहा. सावकाश. "कसं झालं?"

म्हणजे — तुम्हाला काहीच आठवत नाही? खरंच काही नाही? पूल आठवतो? मग गोदामांची भिंत? तिथपर्यंत, बरं. त्यानंतर एकदम ही खोली. अच्छा.

कसं झालं म्हणजे काय, झालं. रांगेत होतो ना आपण. मी पुढे, तुम्ही माझ्या चाकाला चिकटून, वीतभर अंतर, आपलं नेहमीचं. वेग अडतीस असेल. भिंत संपली आणि ऊन एकदम डोळ्यांत आलं, सकाळचं ते आडवं ऊन असतं ना, रस्ता नुसता चकाकतो. आणि डाव्या हाताला खड्डा. मला दिसला तेव्हा तो चाकाखालीच आला होता, मी कशीबशी काठावरून सुटले, हात काढायला वेळ कुठे होता. तुमचं पुढचं चाक सरळ आत. बस. एवढंच. माझा हात ब्रेकवर होता, त्या वेगात ब्रेकवरून हात काढायचा म्हणजे — तुम्हाला मी काय सांगायचं. सगळ्यांना मी हेच सांगितलंय. डॉक्टरीण म्हणाली, अशा उन्हात कुणालाच दिसला नसता.

नाही, तुमचा नियम मला पाठ आहे. मागच्याला पुढच्याच्या पाठीशिवाय काही दिसत नाही, तेव्हा रांगेत डोळे पुढच्याचेच. खड्डा, खडी, काच, काही असो, पुढच्याने हात खाली करून बोट दाखवायचं, मग मागच्याने, मग त्याच्या मागच्याने, शेवटपर्यंत. पाय थकले तर चालतील, हात थकता कामा नये. पाठ आहे. पण माणूस आहे ना कप्तान, दिसलंच नाही तर बोट कशाला दाखवणार.

सही करताय? — थांबा, वही खाली धरते, कागद हलतोय. हां. असं. झाली. पूर्ण नाव घातलंत, बापरे, तारीखसुद्धा. कप्तान, मी — काय बोलू. मला वाटलं होतं, इथे तासभर भांडावं लागेल. सगळी भाषणं तयार करून आले होते, जिन्यात पाठ करत होते, एक वॉर्डबॉय वळून बघायला लागला. हा मी पिशवीत ठेवते, आतल्या कप्प्यात, घडी नको पडायला. बघाच तुम्ही, रविवारी नाव नाही घालवणार. त्या जुळ्यांना मी सांगून ठेवलंय, चढाला मी पुढे राहणार, तिथे नखरे नकोत. आणि तुम्ही बरे झालात की त्या नगरपालिकेला आपण सगळे मिळून धडा शिकवू, मी सोडणार नाही त्यांना. चार महिने, कप्तान, चार महिने झाले त्या खड्ड्याला, वीतभराचा होता तेव्हापासून बघतेय मी, आता घमेलं मावेल एवढा झालाय, दोनदा तर मी लेखी तक्रार केलीय, फोटो जोडून, प्रयोगशाळेत जाता-येता रोज त्याला वळसा घालायचा म्हणजे —

पाणी देऊ का? उशी जरा वर घेऊ?

असे बघू नका.

हो. रोज. माझा प्रयोगशाळेचा रस्ता आहे तो. गोदामाची भिंत संपते, मग एक विजेचा खांब, मग एक वाकलेलं झाकण आणि त्याच्यापुढे सहा हातांवर तो. डोळे मिटून सांगेन. ऊन होतं हो, ऊन खरंच होतं — पण उन्हाचा काय संबंध, अंधारातसुद्धा मला तो सापडला असता. डॉक्टरीणबाईंना माहीत नाही मी त्या रस्त्याने जाते. कुणालाच माहीत नाही. तुम्हाला माहीत होतं, पण तुम्हाला तर काही आठवतच नव्हतं ना.

माझी दोन मिनिटं केव्हाच संपली होती त्या दिवशी. दोन मिनिटं पुढे राहायचं आणि मग बाजूला होऊन मागे जायचं, हाही तुमचाच नियम. मी अकरा मिनिटं पुढे होते. तुम्ही मला बाजूला हो म्हणाला नाहीत आणि मी होणार नव्हते. मला वाटलं, एकदा तरी म्हणतील, छान ओढतेयस. आणि मागून काय चाललं होतं? गिअर सोड. मान सरळ. हे काय, दळण आणायला निघालीस का. आणि मग पुलावर, अगदी सहज, पाण्याचा घोट घेता घेता म्हणालात, रविवारचं नाव मी माझंच दिलंय, तू जोर नको काढूस, तुझं पुढच्या वर्षी बघू. मागे बसून म्हणालात. माझ्या पाठीच्या आडोशाला बसून, वारा सगळा मी खातेय, आणि तुम्ही आरामात मागे बसून माझं पुढचं वर्ष वाटून टाकताय. मला उत्तर देता येईना, दम होता कुठे. पुढच्या माणसाला मागे वळून भांडतासुद्धा येत नाही.

मग भिंत आली. मी ठरवलं वगैरे नाही काही. ठरवलं असं नका लिहू. खांब दिसला तेव्हा हाताला सवयीने कळतं, आता खाली जायचं, बोट दाखवायचं. हात हलला होता. हँडलवरून बोटं सुटली होती, मला अजून आठवतं, तळव्याला वारा गार लागला. आणि मी तो परत ठेवला. मनात काय आलं सांगू — एवढे डोळे आहेत ना याला, माझे गुडघे दिसतात, माझी मान दिसते, तर बघू दे स्वतःचं स्वतः. एवढंच. थोडा दणका बसेल, ट्यूब फुटेल, शिव्या देतील, रस्त्याच्या कडेला बसून ट्यूब बदलतील आणि मी वर उभी राहून बघेन. ट्यूब, कप्तान. मी ट्यूबचा विचार करत होते. आणि लांबून हळूहळू सरकले असते तर तुम्ही माझ्या चाकामागे आपोआप आला असता, म्हणून मी सरळ गेले. अगदी शेवटपर्यंत सरळ. आणि मग कंबर जराशी झटकली. ते तुम्हीच शिकवलंय.

आवाज आला तेव्हा मी वळून पाहिलं नाही. पन्नास-साठ मीटर पुढे गेले असेन. वाटलं, फुटली ट्यूब. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग कुणीतरी किंचाळलं.

तर असं झालं. तुम्ही विचारलंत ना, कसं झालं. मी आठवडाभर झोपले नाहीये, पण ते तुम्हाला सांगण्यात काय अर्थ आहे, तुम्ही तरी कुठे झोपलायत. आता रागवा. लिहा काय लिहायचं ते, पानं भरा. वही घ्या ना. पेन — हे घ्या. एकदा मला म्हणा, तुझ्यासारखीला रांगेत उभं करायची चूक झाली, म्हणजे मीही मोकळी होईन, मग मी म्हणेन, तुम्हीही तीन वर्षं मला — नाही. ते जाऊ दे. ते आता कशाला.

काय लिहिताय? दाखवा.

"माझ्यामागे कोण होतं?"

का? तुमच्यामागे — डॉक्टरीण सगळ्यात शेवटी होती, तिच्यापुढे जुळे. आणि तुमच्यामागे वाचनालयातल्या बाई. त्या नवीन. तिसरीच वेळ ती त्यांची रांगेत. तुम्हीच तिथे घेतलं होतंत त्यांना, माझ्या पाठीला डोळे लावून बसा म्हणालात, काही होत नाही. हो, त्यांच्यापुढे तुमची पाठ, तुमच्यापुढे माझी.

पडल्या ना. पडल्या, पण — कोपर सोललं, आणि मनगटाला पट्टी आहे, फार नाही. तुमच्या अंगावरून जाऊ नये म्हणून त्यांनी हँडल रस्त्याकडे वळवलं. उजवीकडे. मागून एक टेम्पो येत होता. त्याने ब्रेक मारला, थांबला तो, वेळेवर थांबला. किती अंतरावर म्हणजे — मी पोचले तेव्हा त्या रस्त्यातच बसून होत्या आणि टेम्पोच्या पुढच्या चाकाकडे बघत होत्या. हात लांब केला असता तर लागलं असतं, एवढं अंतर. काल आल्या नाहीत. वाचनालयात जातात म्हणे, पण फोन उचलत नाहीत. जुळ्यांनी घरी जाऊन पाहिलं, सायकल बाहेर पावसात उभी होती म्हणे, कुलूपसुद्धा न लावता. मला वाटलं, नवीन माणूस आहे, घाबरलं असेल.

मी त्यांचा विचारच केला नव्हता. शपथेवर सांगते, त्या तिथे आहेत हे मला माहीत होतं, निघताना मी त्यांना हेल्मेटचा पट्टा घट्ट करून दिला होता, पण खांब दिसला तेव्हा माझ्यामागे फक्त तुम्ही होतात. पूर्ण रस्त्यावर फक्त तुम्ही.

सहा दिवस मी तुमचं आणि माझंच भांडण भांडतेय.

काय? कागद? नाही, तुम्ही नका घेऊ तो, मी देते. आतल्या कप्प्यात आहे. घडी नाही पडलेली. सही खोडायची असेल तर खोडा. का नाही? मग काय करायचं त्याचं? मीच ठरवू? हे बरं आहे, तीन वर्षं सगळं तुम्ही ठरवलंत आणि आज म्हणे — पेन बंद केलंत तुम्ही. डोळे उघडा ना कप्तान. तसं नका करू, काहीतरी लिहा.

चार वाजून पंचवीस झालेत.

कप्तान?

— आलात काकू? मिळाली सगळी औषधं? द्या ती पिशवी इकडे. नाही, झोपलेले नाहीयेत, नुसते पडलेत. बोललो ना, म्हणजे मीच बोलले. शर्यतीचा कागद होता तो, ग्लासाखाली ठेवलाय, उडून जाऊ नये म्हणून — नाही, तो मला नकोय आता. जुळ्यांपैकी कुणी आलं तर सांगा, चौघं पूर्ण होत नाहीत. नाही नाही, चहा नको काकू. वाचनालय पाच वाजता बंद होतं, त्याच्या आत मला तिथे पोचायचंय.