घाटातली घंटी

भानुदासकाकांच्या वयावर जाऊ नका, सांगून ठेवतो. आम्हा रविवारच्या सायकलवाल्यांचा नियम हाय, कुणाला मागं टाकलं की घंटी वाजवायची. दौलताबादच्या घाटात मी सत्तरीच्या काकांना मागं टाकलं अन् मुद्दाम दोनदा वाजवली.

वळणावर मागं पाहिलं, तर काका दिसेनात. मागल्या साली त्यांची बायपास झालेली! मी सायकल वळवली. तसाच सुसाट खाली आलो. काका कठड्यावर बसलेले, हात छातीवर.

"काका, काय होतंय? गाडी बोलावू का?"

"आधी सायकलवरून उतर. पाणी दे."

मी सायकल आडवी टाकून बाटली दिली. काका निवांत पाणी प्यायले, उठले अन् आपल्या सायकलवर टांग टाकून निघाले.

"अहो, छातीत दुखत होतं ना?"

काकांची घंटी घाट संपेपर्यंत वाजत होती.