सहा कोटी ठिपक्यांचा कॅमेरा

मायबाप, आधी माझ्याबरोबर मोजा! किणेवाडीच्या गजेंद्र शिंत्रेच्या फोटो स्टुडिओत काय काय होतं? पडदे तीन — ताजमहाल, धबधबा आणि बर्फाचा डोंगर. दोरीला बांधलेला कंगवा एक — अख्ख्या गावाच्या डोक्यांना तोच! कोट एक, त्याला पाठ नाही. फोटोत पाठ दिसते कुणाला? कॅमेरा एक, दोन कोटी चाळीस लाख ठिपक्यांचा — पिक्सेल म्हणतात ना, तेच ठिपके. आणि मागच्या अर्ध्या खोलीत शिलाई मशीन एक, त्यावर ब्लाऊज शिवत बसलेली बायको, अनुसया.

एवढं असून माणूस उदास! आता मला सांगा — जुनं पुरत नाही म्हणून आपण नवं मागतो, की नवं दिसलं म्हणून जुनं पुरेनासं होतं?

गजेंद्रानं मोबाइलवर सहा कोटी ठिपक्यांचा कॅमेरा पाहिला. झालं! जेवताना तोच, अंघोळीला तोच. आमटीत मीठ नाही, याला पत्ता नाही. शेवटी त्यानं ठरवलं, अर्धी खोली भाड्यानं द्यायची आणि कॅमेरा घ्यायचा. अर्धी म्हणजे कुठली? ताजमहालाची नव्हे हो — मशीनची!

अनुसया भांडली असती तर त्याला सोपं गेलं असतं. तिनं दातानं धागा तोडला आणि विचारलं, "त्यात जास्त काय दिसणार?"

"सगळंच."

"कुणाला?"

आता आली का पंचाईत!

किणेवाडीत एक रीत आहे. सप्ताहाच्या पहिल्या दिवशी देवळासमोर अख्ख्या गावाचा फोटो निघतो. मोठा करून, काच बसवून काल्याच्या दिवशी तो खांबाला लावतात. हाताला गुलाल असतोच. जो येतो तो स्वतःला शोधतो आणि काचेवर बोट टेकवतो — हा मी!

अनुसया म्हणाली, "यंदा दोन्ही कॅमेऱ्यांनी काढा. दोन खांबांना लावा, कुठला कशाचा ते बोलू नका. नव्यावर बोटं जास्त उठली, तर मशीन मी स्वतः उचलते."

गजेंद्रानं नवा कॅमेरा कोल्हापुरातून भाड्यानं आणला. कॅमेरा ठेवायची तीच तिपाई घोडी, तीच जागा. आधी एकानं काढला, मग दुसऱ्यानं. घरी संगणकावर मोठा करून बघतो तर सरपंचांच्या कानातले केस! वेगवेगळे मोजता येतील असे! गडी असा हरखला की विचारू नका. पण मायबाप, खरं सांगा, आपल्या कानातले केस देवळात टांगावेत असं कुणाला वाटतं?

काला झाला. गजेंद्र खांबाआड उभा. म्हातारे भैरूआजा नव्या कॅमेऱ्याच्या फोटोसमोर थांबले. वाकले. नाक काचेला लागायचं बाकी. गजेंद्र खांबाआडून पुढे आला. आजोबांना ठिपके दिसले की काय?

"गजा," आजोबा म्हणाले, "हितं मी झोपलोय."

ते दुसऱ्या खांबाकडे गेले. "हितं जागा हाय." आणि बोट तिथं टेकवलं.

त्यांच्या सुनेचं उलट. जुन्यात तिचा पदर घसरलेला, म्हणून ती नव्याकडे. कुणी पोट आत ओढलेलं कुठे दिसतं ते बघितलं, कुणी शेजारची जाऊ कुठे बारीक दिसत नाही ते! ठिपके किती, हे कुणी म्हणजे कुणी विचारलं नाही.

हसताय? हसा. पण आपल्या देवळातही उद्या असा फोटो लागला, तर तुमचं बोट आधी कुठं जाईल, हे ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

संध्याकाळी काचा खाली उतरवल्या. गजेंद्रानं गुलालाची उठलेली बोटं मोजली, अनुसयेनं पुन्हा मोजली. जुन्या कॅमेऱ्याच्या काचेवर एकशे सतरा, नव्याच्या काचेवर एकशे चौदा. मशीन जागच्या जागी राहिलं.

आणि फोटोच्या मधोमध, गाभाऱ्याच्या उघड्या दारातून गावचा देव रवळनाथही आला होता. दोन्हींत स्पष्ट. त्याच्यावर बोटं, दोन्ही काचा मिळून — शून्य.